हे नाव मला ठावं न्हाई, शिकव

अक्का, तुझे दिवस झाले, पाव्हणे पांगले आणि विष्णुपुरीच्या त्या घरात दाजी आणि मी असे दोघंच उरलो. दोघांनाही एकमेकांशी काय बोलावं ते सुचेना. तू असताना आमचं बोलणं तुझ्यामार्फतच व्हायचं. शेवटी दाजींनी कपाटातून तुझा जुना लॅपटॉप काढला, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसला आणि माझ्यापुढं ठेवला.

"तुमचं बहीण-भावाचं खेळणं हाय," म्हणाले. "मला त्यातलं काही उमगत न्हाई. तुम्हीच बघा आता."

मी तो चालू केला. तो जुनाट ब्राउझर उघडला, आपलं पान उघडलं, आणि आपला प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधी ती चौकट आली. इंग्रजीतून विचारत होती की या प्रोग्रॅमवरची सही खरी आहे याची खात्री देता येत नाही, तरी चालवायचा का? खाली नाव होतं. प्रकाशक: अक्का.

ती चौकट मी इतक्या वेळा पाहिली आहे की बोट आपोआप 'चालवा'वर जातं. त्या दिवशी गेलं नाही. यंत्राला सुतक नसतं हे मला माहीत आहे. तरी मला वाटलं, घरात कुणीतरी येऊन उंबऱ्याबाहेर उभं आहे आणि नाव सांगून आत येऊ का विचारतंय. दाजींनी मागून वाकून पाहिलं आणि विचारलं, "काय म्हणायलंय ते?"

मग मी त्यांना सांगितलं. इतकी वर्षं तुझ्याबरोबर संसार करून त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं, आणि तूही कधी सांगितलं नव्हतंस. म्हटलं, दाजी, पूर्वी ब्राउझरच्या पानात छोटे प्रोग्रॅम येऊन बसायचे, त्यांना ॲप्लेट म्हणायचे. परक्याच्या घरी आलेल्या पाव्हण्यासारखे. ओसरीवर बसा, पाणी घ्या, माजघरात यायचं नाही. तुमच्या फायली बघायच्या नाहीत, काही लिहून ठेवायचं नाही. आमच्या ॲप्लेटच्या पोटात अक्कानं एक दुभाष्या बसवला होता. किनवटच्या वसतिगृहातल्या पोरी मराठीत लिहायच्या, 'चाल', 'वळ', 'शिक', 'झालं'. दुभाष्या ते वाचायचा आणि कॉम्प्युटरला त्याच्या भाषेत सांगायचा. मग पडद्यावर रेघ चालायला लागायची, चौकोन व्हायचा, चांदणी व्हायची. नवा शब्द शिकवायचा असला तर 'शिक घर' असं लिहून सुरू करायचं, घर कसं काढायचं ते सांगायचं आणि शेवटी 'झालं' लिहायचं. मग नुसतं 'घर' म्हटलं की घर.

"आणि हे अक्का म्हणून कोण?" दाजींनी पडद्यावर बोट ठेवलं.

म्हटलं, तीच. सही तयार करताना कॉम्प्युटरनं नाव आणि आडनाव विचारलं होतं. मी म्हटलं सासरचं लिही, तू म्हणालीस डिग्री माहेरच्या नावावर आहे. आपण त्यावर चहा गार होईपर्यंत भांडलो आणि शेवटी तू चिडून नुसतं 'अक्का' लिहून टाकलंस. दाजी हसले. तुझ्यामागं त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. हसता हसता ते उठून मोरीत गेले आणि बराच वेळ पाणी सोडून उभे राहिले.

आता सांगतो, मी लॅपटॉप का उघडला होता. तू गेल्याचं कळल्यावर किनवटहून लताबाईंचा फोन आला होता. मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका त्या, तुझ्याच मैत्रीण, त्यांच्याविषयी मी तुला काय सांगू. जगात कुठल्याही नव्या ब्राउझरमध्ये ॲप्लेट चालत नाही. चालतो तो त्यांच्या लॅबमध्ये, कारण तिथं इंटरनेट नाही आणि ती यंत्रं नवी करायचं कुणाला सुचलं नाही. तू दर काही महिन्यांनी रेल्वेनं जायचीस, यंत्रांची धूळ काढायचीस, पोरींना काहीतरी नवं शिकवून संध्याकाळच्या गाडीनं परत यायचीस.

लताबाई म्हणाल्या, "सर, लेकरांना सांगितलं मी, अक्का वारल्या म्हणून. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एकीनं लिहिलं, अक्का. एवढंच. तर ते काय म्हणालं माहीत हाय का?"

मला माहीत होतं. तो निरोप तू लिहिलास तेव्हा मी शेजारीच होतो. दुभाष्याला न कळणारा शब्द आला की तो काय म्हणेल हे आपण ठरवत होतो. मी म्हटलं होतं, 'अनोळखी शब्द' असं लिही, सरळ आहे. तू म्हणालीस, पुस्तकी बोलणाऱ्या बाईचं कोण ऐकतंय? आणि आईच्या बोलीत लिहिलंस. पोरींनी दुभाष्याला गोल गोल फिरवत ठेवलं तर तो म्हणायचा, 'दमले बाई मी, किती फिरवशील?' जिथं जायची मुभा नाही तिकडं पाठवलं तर, 'तिकडं जायची परवानगी न्हाई.' आणि अनोळखी शब्द आला तर, 'हे नाव मला ठावं न्हाई. शिकव.'

त्या पोरीनं अक्का लिहिलं आणि तुझ्याच बोलीत तिला उत्तर आलं, हे नाव मला ठावं न्हाई. शिकव.

लताबाई म्हणाल्या, "लई रडून राहिल्या होत्या सर. मग शिकवायला बसल्या. कुणी काय, कुणी काय काढून अक्का म्हणून शिकवतात. पण बंद केलं की सगळं जाते. पुन्हा लिहिलं की पुन्हा तेच, ठावं न्हाई म्हणते. मला ऐकवत नाही ते. तेवढं त्याच्यात राहील असं करता येईल का? तुम्ही केलंत तर होईल म्हणे."

करता येतं, अक्का. अर्ध्या दुपारचं काम आहे. दुभाष्याला एका फोल्डरमध्ये लिहायची परवानगी द्यायची, बस. तू असताना मी हेच म्हणत होतो आणि तू हेच नाही म्हणत होतीस. आपलं शेवटपर्यंत न मिटलेलं भांडण हेच. आता सही करायची किल्ली या लॅपटॉपवर आहे आणि तिचा पासवर्ड तूच मला दिलेला आहे. मी परवानगी वाढवली, सही केली, तर चौकटीत नाव तुझंच येणार होतं. जे तू जन्मभर नाकारलंस त्यावर तुझी सही. करू की नको हे विचारायला घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हणून जे केलं ते तुलाच लिहितो आहे.

भांडण कसं सुरू झालं ते आठवतं? विष्णुपुरीतच, धरणाच्या बाजूच्या तुमच्या त्या पहिल्या भाड्याच्या खोलीत. दुपारी कॉलेज सुटलं की तू यायचीस, मी लातूरहून पहाटेच्या एसटीनं आलेला असायचो. दुभाष्या ओसरीवर बसून काम करीना. त्याला पोरींचा शब्द ऐकला की त्यातून तिथल्या तिथं नवा तुकडा घडवावा लागायचा, आणि ब्राउझरचा पहारेकरी म्हणायचा, पाव्हण्यानं इथं नवं काही घडवायचं नाही. एवढंच काय, मराठी अक्षरांची फाईल वाचायलाही तो सोडेना. म्हणून आपण सही केली. सही असली की पहारेकरी माणसाला विचारतो, आणि माणूस हो म्हणाला की सगळं घर मोकळं. मी खूश. म्हटलं, सुटलो. आता फायली ठेवता येतील, प्रिंट काढता येईल, काय वाट्टेल ते.

आणि तू बसून आपल्याच दुभाष्याचे हात बांधायला लागलीस. नवा तुकडा घडवायची परवानगी ठेवलीस. अक्षरांची ती एक फाईल वाचायची परवानगी, तीही तुझ्या जबाबदारीवर, तेवढ्याच कामापुरती. बाकी सगळं बंद. मी म्हटलं, "अक्का, वेडी हायस का? दार उघडलंय, आता कशाला कडी लावायलीस?"

तू वर न बघता म्हणालीस, "त्यांनी हाव म्हटलं ते मला. मी सोबत ज्याला आणलं त्याला न्हाई."

मी म्हटलं, दुभाष्या आपलाच आहे. तू म्हणालीस, "दुभाष्या आपला हाय. त्याच्या कानात बोलणारा कोण हाय ते आपल्याला काय ठावं?"

हे तू कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतंस, हे मला पक्कं माहीत आहे. हे तुला धाकट्या आत्याच्या सोयरिकीत कळलं. तू लहानपणी आजोळी राहिलीस, निलंग्याच्या पलीकडं, म्हणून बैठकीतल्या आपल्या माणसांत कानडी कळणारी तू एकटी. पाव्हणे तिकडचेच, घरात कानडी बोलणारे. बैठकीत सगळं गोड चाललेलं. मुलाच्या चुलत्यानं मुलाच्या बापाला हळूच कानडीत काहीतरी म्हटलं. आजोबांनी तुला जवळ घेऊन विचारलं, काय म्हणाले ग? आणि तू सगळ्या बैठकीला ऐकू जाईल असं सांगितलंस, "म्हणले, पोरगी लई उंच हाय, आपला पोरगा तिच्या खांद्याला लागंल, पण असू द्या, कडबा वर फेकायला बरी."

पोहे तसेच राहिले. पाव्हणे उठले, आत्या मधल्या खोलीत हसत होती की रडत होती ते कुणाला कळलं नाही. पुढं तिला मुरुडला चांगलं घर मिळालं, उंच नवरा मिळाला, आणि ती अजून म्हणते की त्या पोरीनं माझा जन्म सुधारला. आपल्या घरी ही गोष्ट हसायची म्हणूनच सांगतात. तू मात्र कधी हसली नाहीस. मला एकदाच म्हणालीस, "मी काय चुकीचं बोलले रे? जे ऐकलं ते सांगितलं. पण तवा मला कळलं, मी नुसतं तोंड हाय. माझ्या तोंडातून कुणाचं काय जाईल आणि कुणाचं काय मोडंल, ते माझ्या हातात न्हाई."

म्हणून दुभाष्याला तू हात दिले नाहीस. मी किती डोकं लावलं. म्हटलं, त्या लॅबमध्ये इंटरनेट नाही, बाहेरचं कोण येणार आहे? पोरी दोन तास राबून मोर काढतात आणि घंटा झाली की मोर जातो, हा कुठला न्याय? एक फोल्डर दे. तू म्हणायचीस, "बाहेरच्याचं सोड. एकीनं लिहिलेलं दुसरीनं चालवलं आन् तिचंच पुसलं गेलं तर? जिथं ठेवता येतं तिथं पुसता बी येतं." मी म्हणायचो, पोरी लहान आहेत, त्या कशाला पुसतील. तू म्हणायचीस, मुद्दाम कोण म्हणतंय? दोघी बहिणींचंही एकमेकींच्या हातून पुसलं जातं. आणि मग तू विषय बदलायचीस, भाकरी खाऊन जा म्हणायचीस, आणि मी चिडून जास्तच भाकरी खायचो.

अक्का, एक बोलायचं आहे आणि ते रागाचंच आहे. ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं, हा तुझा नियम मला प्रोग्रॅमपुरता वाटत होता. आईला तू सांगितलंस की पित्त आहे. मला सांगितलंस की हैदराबादला तपासणीला जाऊन येणार, साधीच आहे. दाजींना सगळं ठाऊक होतं. तू आम्हाला ज्याच्या त्याच्या मापानं वाटून दिलंस. शेवटी मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तू बोलत नव्हतीस, आणि दाजींच्या तोंडाकडं पाहून मला कळलं की या घरात माझ्याकडं किती थोडी परवानगी होती. आईपेक्षा एक पायरी जास्त, बस.

त्याच्या आधीचा तुझा फोन आठवतो. मी लातुरात एका क्लासच्या ऑफिसात होतो, निकालाचं सॉफ्टवेअर अडकलं होतं, मागं पालक ओरडत होते. तू फोन केलास आणि काय विचारलंस? लताबाईंच्या लॅबमधलं कोपऱ्यातलं बंद पडलेलं यंत्र दुरुस्त होईल का. बोलता बोलता आपण पुन्हा त्याच फोल्डरवर आलो. मी म्हटलं, तू हट्टी आहेस. तू म्हणालीस, "हाव, हाय. ये एकदा, बसून बोलू." आवाज नेहमीसारखाच होता. आता मी तो आवाज डोक्यात परत परत लावून बघतो, कुठं काही थकवा होता का, कुठं थांबली होतीस का. काही सापडत नाही. दुभाष्याचे निरोपही तू असेच लिहायचीस की आत काय चाललंय ते बाहेर कळू नये.

मी दाजींना विचारलंच. म्हटलं, मला का नाही सांगितलं? दाजींनी सुपारी कातरली. मग म्हणाले, "मी म्हटलं होतं तिला, भावाला सांग. ती म्हणाली, त्याला सांगितलं म्हणजे आईला सांगितलं. तो तोंडानं सांगायचा न्हाई, पण त्याचं तोंड बघून आईला कळंल."

खरं आहे. माझ्या चेहऱ्यावर काही राहत नाही हे आपल्या गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे. पण खरं असलं म्हणून दुखत नाही असं नाही. मला दिलं म्हणजे पुढं कुणाकुणाला दिलं, याचा तू हिशोब केलास, आणि माझं नाव खोडलंस. दुभाष्याला लावलास तोच नियम मला लावलास. मी तुझा दुभाष्या नव्हतो, अक्का. मी भाऊ होतो. मला एवढं सांगितलं असतंस तर मी आठ दिवस तरी तुझ्या उशाशी येऊन नुसता भांडत बसलो असतो. तुलाही बरं वाटलं असतं.

त्या रागात मी त्या दुपारी बसलो आणि परवानगी लिहिली. तुझं लिहिलेलं उघडलं. सगळ्या ओळी इतक्या नेमक्या की कुठं बोट घालायला जागा नाही. एकेक दार बंद केलेलं आणि का बंद केलं ते तुझ्या पद्धतीनं वर लिहून ठेवलेलं. मी एक ओळ घातली. एक फोल्डर, वाचायला आणि लिहायला. पासवर्ड टाकला. कॉम्प्युटरनं सही केली आणि सांगितलं, सही झाली. कुणाची, तर तुझी. मी ते पेनड्राइव्हवर घेतलं आणि दाजींना म्हटलं, उद्या किनवटला जाऊन येतो. दाजींनी डबा बांधून दिला. तुझ्यासारखाच बांधला होता, फडक्याची गाठ बाजूला.

रेल्वेत खिडकीशी बसलो. किनवटकडं गाडी लागली की जंगल सुरू होतं आणि तू म्हणायचीस की इथून पुढं फोन लागत नाही म्हणून मला ही लाईन आवडते. पेनड्राइव्ह खिशात टोचत होता. मला सारखं वाटत होतं की समोरच्या बाकावर तू बसली आहेस आणि विचारत नाहीस की खिशात काय आहे. तू कधी विचारत नसायचीस. तुला कळायचं आणि तू थांबायचीस, समोरच्यानं आपण होऊन सांगेपर्यंत. तू जिवंत असताना माझं यावरून तुझ्याशी जमलं नाही आणि आताही जमत नव्हतं.

वसतिगृहात पोचलो तेव्हा पोरी जेवून लॅबच्या वऱ्हांड्यात रांगेनं बसल्या होत्या. यंत्रांवर जुन्या साड्यांच्या खोळी. तूच शिवून नेल्या होत्यास, त्यातली एक आईच्या जांभळ्या साडीची आहे, मी ओळखली. लताबाईंनी खोळी काढल्या, यंत्रं सुरू केली. जुनी यंत्रं, सुरू व्हायला वेळ घेतात. मग एकेका पडद्यावर ती चौकट आली.

पोरींनी बोट लावलं नाही. लताबाईंनी विचारलं, "कोण हाय दारात?"

सगळ्या पोरी एका सुरात म्हणाल्या, "अक्का."

"ओळख हाय का?"

"हाव."

आणि मग सगळ्यांनी एकदम बटण दाबलं.

अक्का, तू मला हे कधी सांगितलं नव्हतंस. नाव मोठ्यानं वाचल्याशिवाय हो म्हणायचं नाही, आणि खाली तो जो 'या प्रकाशकावर कायमचा विश्वास' असा रकाना आहे त्यात कधीच खूण करायची नाही, हे तू त्यांना लावलेलं वळण होतं. रोज विचारलं पाहिजे, रोज सांगितलं पाहिजे. लताबाई म्हणाल्या, "त्यांनीच शिकवलं. म्हणाल्या, एकदा कायमचं म्हणून ठेवलं की लेकरं नाव वाचायचं सोडतील." तू मेल्यावरही त्या खोलीत रोज तुझं नाव घेऊन तू ओळखीची आहेस का विचारलं जातंय, आणि रोज हाव म्हटलं जातंय, आणि त्यांच्यातल्या कुणालाच त्यात काही भुताटकीचं वाटत नाही. मला वाटलं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

पोरींनी लिहायला सुरुवात केली. पहिल्यांदा सगळ्यांनी तेच लिहिलं, अक्का. सगळ्या पडद्यांवर उत्तर आलं, हे नाव मला ठावं न्हाई. शिकव. त्यांना आता त्याचं काही नव्हतं. विहिरीत घागर सोडल्यावर पाण्याचा आवाज यावा तसं ते उत्तर आलं आणि त्या कामाला लागल्या. शिक अक्का. चाल. वळ. चाल.

मी पडद्यांमागून फिरलो. एकीनं दोन गोल आणि मधे काडी काढली होती, तुझा चष्मा. एकीनं गाडीची खिडकी आणि तिच्यात एक ठिपका. एकीनं डबा काढला होता. विचारलं तर म्हणाली, त्यात मुरमुऱ्याचा सुशीला असायचा. एकीचं काहीच ओळखू येत नव्हतं, नुसत्या रेघा. ती म्हणाली, "अक्का चालताना साडी अशी हालती." मी तुझ्या पाठोपाठ सगळं लहानपण चाललो आणि तुझी साडी कशी हालते ते मला सांगता येणार नाही.

"काल पण हेच काढलं होतंस?" मी विचारलं.

"न्हाई सर. काल चप्पल काढली होती."

"मग ती गेली?"

"गेली," ती म्हणाली, आणि पुढची रेघ वळवायला लागली.

मी लताबाईंना वऱ्हांड्यात घेऊन सांगितलं की तुम्ही म्हणालात तसं करून आणलंय. आता जे काढतील ते राहील. त्यांनी एकदा पोरींकडं पाहिलं. "मीच म्हटलं होतं सर, खरं हाय. तेव्हा रडून राहिल्या होत्या. आता रोज आपल्या मनानं नवं काढून राहिल्या. तुम्ही बघा. तुमच्या बहिणीचं हाय, तुम्हाला ठाऊक."

मी पेनड्राइव्ह खिशातून काढला. आणि तिथं, त्या वऱ्हांड्यात, मला तुझं म्हणणं दिसलं. मी फोल्डर एकच केला होता. शब्द एकच, अक्का. लॅबमधली सगळी यंत्रं एकाच मुख्य यंत्राला जोडलेली, फोल्डर त्याच्यावर. जी शेवटी 'झालं' लिहील तिची अक्का राहणार. बाकीच्यांच्या, तो चष्मा, ती खिडकी, तो डबा, कुणाच्याही मनात नसताना पुसल्या जाणार. आणि उद्या कुणीही 'अक्का' लिहिलं की ती एकच हजर होईल. ठावं न्हाई, असं कुणी म्हणणार नाही. मग शिकवणारही कुणी नाही.

वेगवेगळे फोल्डर करता आले असते. मला तेवढं येतं, तू हसू नकोस. परत जाऊन आणखी एक दुपार घालवली असती तर झालं असतं. पण त्यावर सही तुझी पडली असती, आणि तू हाव म्हटलेलं नाहीस. तू जिंकलीस असंही समजू नकोस. मोर घंटेबरोबर जायला नको होता, हे मी अजून म्हणतो. आपल्याला बसून बोलायचं होतं आणि ते राहिलं. तुझ्या नावानं मी एकट्यानं त्याचा निकाल लावणार नाही. मी पेनड्राइव्ह खिशात ठेवला आणि लताबाईंना म्हटलं, राहू द्या, आहे तसंच चालू द्या.

कोपऱ्यात एक यंत्र रिकामं होतं. तेच, ज्याच्यासाठी तू फोन केला होतास; कुणाकडून तरी तू ते दुरुस्त करून घेतलं होतंस. मी खुर्ची ओढून बसलो. ते सुरू होत होतं. चौकट आली. प्रकाशक: अक्का. शेजारच्या पोरीनं माझ्याकडं पाहिलं, मी बटणाकडं हात नेत होतो. "सर, पहिलं नाव वाचा," ती म्हणाली. मी वाचलं. "मोठ्यानं." मी मोठ्यानं वाचलं. "हाव म्हणा," ती म्हणाली. मी हाव म्हटलं.

मग मी लिहिलं, अक्का. तू म्हणालीस, हे नाव मला ठावं न्हाई. शिकव.

काय शिकवू, मला सुचेना. दवाखान्यातली तू मला काढायची नव्हती. त्याच्या आधीची, जी तू मला दिली नाहीस ती, मला ठाऊक नाही. मग विष्णुपुरीची खोली आठवली, आणि वर न बघता बोलणारी तू. पाठ आठवली. मी लिहिलं, शिक अक्का. चाल. थोडं वळ. चाल. पाठीचा बाक जरा जास्त झाला म्हणून परत केला. पुन्हा केला. पडद्यावर एक वाकडी रेघ झाली आणि तिच्यात मला सोडून कुणालाच काही दिसलं नसतं.

घंटा झाली. पोरींनी आपापलं 'झालं' लिहिलं, एकदा अक्का म्हणून बघून घेतलं, आणि उठल्या. लताबाई खोळी घेऊन एकेक यंत्र बंद करत माझ्याकडं आल्या. जांभळी खोळ त्यांच्या हातात होती.

"झालं का सर?"

म्हटलं, न्हाई. आणि यंत्र बंद केलं.